मदत हवी आहे: ‘हॅव्ह सीन’ की ‘सॉ’? उत्तरतालिका एक सांगते, क्लासचे सर दुसरंच

रिकामी_वही
पूर्ण वर्तमानकाळाने डोकं उठवलंय. गाळलेली जागा आहे: ‘आय ___ हिम धिस मॉर्निंग’, क्रियापद ‘सी’. मी ‘हॅव्ह सीन’ लिहिलं, उत्तरतालिकेत ‘सॉ’ आहे. क्लासचे सर म्हणतात, ‘धिस’ दिसलं की डोळे झाकून ‘हॅव्ह’. बरोबर काय ते नियमासकट सांगा. ‘वाचन वाढवा’ वगैरे सल्ले नकोत, घाई आहे.

जाड_भिंगाचा_चष्मा
प्रश्न पूर्ण टाका. हे वाक्य कोण बोलतंय आणि कधी? त्याशिवाय सांगता येणार नाही.

रिकामी_वही
कधी म्हणजे? धिस मॉर्निंग लिहिलंय ना वर.

घाटावरचा
सर बरोबर आहेत. धिस वीक, धिस मंथ, धिस इयर, टुडे, सगळीकडे हॅव्ह किंवा हॅज. आम्ही असंच घोकलं आणि नोकरीला लागलो. उत्तरतालिका चुकीची आहे, हरकत नोंदवा.

जाड_भिंगाचा_चष्मा
@घाटावरचा, घोकल्यामुळेच घोळ होतो. ‘धिस मॉर्निंग’ सकाळी दहाला म्हटलं तर सकाळ अजून चालू आहे, म्हणून ‘आय हॅव्ह सीन हिम’. तेच दुपारी चारला म्हटलं तर सकाळ उरकली, म्हणून ‘आय सॉ हिम’. शब्द तेच, घड्याळ वेगळं. म्हणून वेळ विचारली. धिस वीक, धिस इयर बोलताना बहुतेक चालूच असतात, त्यामुळे तुमचा नियम तिथे खपून जातो.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीतून लिहितोय. इथे एवढा काथ्याकूट कोणी करत नाही. ‘डिड यू ईट येट?’, ‘आय ऑलरेडी एट’, संपला विषय. ब्रिटिश माणूस तिथे ‘हॅव्ह यू ईटन येट?’ विचारेल. बिनधास्त ‘सॉ’ लिहा.

घाटावरचा
पेपर न्यू जर्सीत काढत नाहीत हो.

कारकुनी_कावा
परीक्षा कुठली पण? आयईएलटीएस असेल तर अशा सुट्या गाळलेल्या जागा येतच नाहीत, निबंधात काळ नीट वापरावे लागतात.

रिकामी_वही
तलाठी भरती. अजून कुठली असणार?

मेलबॉक्स_मावशी
मूळ दुखणं मराठीतलं आहे. आपण ‘काल मेल पाठवला आहे’ असं सहज म्हणतो आणि मराठीत ते चालतं. म्हणून ऑफिसात दर दुसरा मेल ‘आय हॅव्ह सेंट द फाइल यस्टरडे’ असा असतो. इंग्रजीत यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९ असा ठरावीक गेलेला काळ आला की हॅव्ह बाद, सरळ ‘आय सेंट’. कधी ते सांगायचं नसेल आणि फाइल पोचली एवढंच कळवायचं असेल तर ‘आय हॅव्ह सेंट द फाइल’. आणखी एक: ‘साहेब नाशिकला गेलेत’ म्हणजे ‘हॅज गॉन टू नाशिक’, अजून तिकडेच आहेत. जाऊन आले असतील तर ‘हॅज बीन टू’. आमच्याकडे एकाने आठवडाभराची रजा संपवून रुजू होताना अर्जात ‘आय हॅव्ह गॉन टू माय नेटिव्ह प्लेस’ लिहिलं. साहेबांनी खाली शेरा मारला, ‘मग सही कोणी केली?’

जाड_भिंगाचा_चष्मा
+१. शेरा झकास.

प्रयोगवीर
कर्मणी प्रयोग करताना हॅज किंवा हॅव्हनंतर ‘बीन’ घालायचं विसरू नका. ‘ही हॅज रिटन अ लेटर’चं ‘अ लेटर हॅज बीन रिटन बाय हिम’.

रिकामी_वही
हे कोणी विचारलंय?

कारकुनी_कावा
अवांतर: मराठी माध्यमात पाचवीपासून इंग्रजी असायचं तेव्हा व्याकरण तरी पक्कं होतं. पहिलीपासून आणलं आणि दोन्ही भाषा गेल्या.

घाटावरचा
असहमत. माझा मुलगा मराठी माध्यमात आहे, त्याचं इंग्रजी माझ्याहून चांगलं आहे.

मेलबॉक्स_मावशी
घोकायला लावलं नसेल त्याला :)
माध्यमाचा वेगळा धागा काढा, प्लीज.

रिकामी_वही
घ्या पूर्ण प्रश्न. ‘इज द मॅनेजर इन?’ ‘नो. आय ___ हिम धिस मॉर्निंग, बट ही लेफ्ट आफ्टर लंच.’ पुढच्या तुकड्यात गाळलेली जागा नाही म्हणून टाकला नव्हता.

जाड_भिंगाचा_चष्मा
अहो, सगळं उत्तर त्याच तुकड्यात आहे! साहेब जेवून निघून गेले, म्हणजे बोलणारा दुपारी बोलतोय. सकाळ संपली. ‘सॉ’. उत्तरतालिका बरोबर, हरकत नोंदवू नका.

घाटावरचा
हे असं असेल तर ठीक. पण पर्यायांत दोन्ही असतील आणि वेळ दिली नसेल तर मी हॅव्हच निवडेन.

रिकामी_वही
मग ‘टुडे’ आलं तर? रात्री बारापर्यंत हॅव्ह?

जाड_भिंगाचा_चष्मा
दिवस चालू असेपर्यंत हॅव्ह चालतं. ‘आय हॅव्ह हॅड थ्री कप्स ऑफ टी टुडे’, अजून एक होईल. पण डोक्यात ठरावीक क्षण असेल, जसं आज स्टँडवर भेटला होता, तर टुडे असूनही ‘आय सॉ हिम’. पेपरात आजूबाजूचं वाक्य वाचा, नुसतं टुडे नको.

नवा_उमेदवार
तलाठीचं हॉलतिकीट आलं का कोणाचं? माझं लॉगिनच होत नाहीये.