पिशवीचा घेर आधी, चौकट नंतर

कचऱ्याच्या पिशवीचं तोंड उघडं धरणाऱ्या स्टँडला गोल कडं लावायचं आणि त्याचा व्यास पिशवीच्या रुंदीइतका ठेवायचा असं एकाने सुचवलंय, त्यात गडबड होईल. सपाट ठेवलेली पिशवी 48 सेंमी रुंद असेल तर तोंडाचा घेर 96 सेंमी, म्हणजे व्यास जेमतेम 30. पिशवी जिच्यावर चढते त्या चौकटीचा घेर 96 हून 6 सेंमी कमी, 90 धरा. त्याहून घट्ट केलं की पिशवी चढवतानाच ताणून फाटते, सैल ठेवलं तर पहिल्या ओल्या कचऱ्याला तोंड आत घसरतं.

60 सेंमीच्या पिशवीला हाच हिशोब 114 वर येतो. दोन्ही मापं एकाच चौकटीवर बसावीत म्हणून गोल कड्याऐवजी पाइपचे दोन 'यू' एकमेकांत सरकणारे करा. रुंदी 25 सेंमी कायम, खोली (पुढून मागे) 20 ते 32. दोन्ही बाजूंना 3-3 सेंमीवर भोकं पाडून खिळ अडकवली की एका भोकाला घेर 6 सेंमीने बदलतो. पूर्ण उघडल्यावरही निदान 7 सेंमी पाइप आत राहू द्या, नाहीतर पुढची बाजू वजनाने खाली झुकते.

काठावर पिशवी 8-10 सेंमी दुमडा आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवा. कापलेल्या टोकांना पॉलिश पेपर मारायचाच. फाटायला सुरुवात नेहमी तिथूनच होते.

आणि उंची! पिशवीचा तळ जमिनीला टेकलाच पाहिजे. लटकत्या पिशवीचा सगळा भार दुमडीवर येतो, मग कितीही चांगली चौकट असली तरी उपयोग नाही.