'आपटलेलेच नावं ठेवतात' म्हणणाऱ्यांसाठी

हडपसरकर
काल इथे एका महाशयांनी लिहिलं, "मुलाखतीत आपटलेलेच मोठ्या कंपन्यांना नावं ठेवतात." रात्रभर डोक्यात भुणभुण, म्हणून हे लांबण लावतोय.

मागच्या शनिवारी हिंजवडी आयटी पार्क, फेज 3 ला मुलाखत, वेळ साडेनऊ. शिवाजी चौकातल्या कोंडीचा भरवसा नाही म्हणून पावणेसातलाच घर सोडलं. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, गळ्यात व्हिजिटरचा पट्टा, आणि मग बसा. नंबर लागला सव्वादोनला. साहेब मारी बिस्किट चहात बुडवत म्हणाले, "जावावर किती वर्षं?" अहो, मी 11 वर्षं डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा; जावात प्रोग्रॅम लिहिणारा नव्हे! सीव्हीची पहिलीच ओळ आहे ती. मग तोच सीव्ही पालथा घालून त्याच्या पाठीवर लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रोग्रॅमरांचं नेहमीचं कोडं, उलटी करायला लावली. बॅकअप, रिस्टोअर, रात्री तीनला झोपलेला सर्व्हर... अवाक्षर नाही. शेवटी एचआर: "नोटीस 90 दिवस? आम्हाला 15 दिवसांत जॉइन होणारा हवाय."

पॅनेलवाला
11 वर्षांच्या माणसाला लिंक्ड लिस्ट जड जाते? कमाल आहे. मी 9 वर्षं पॅनेलवर बसतोय. शनिवारी बारा-चौदा जण, बदली सुट्टी नाही. मध्यंतरी व्हिडिओवर एकाचे नुसते ओठ हलत होते, उत्तरं भलताच देत होता. प्रत्यक्ष बोलावतात ते हौसेने नाही.

हडपसरकर
लिहिली की मी ती! वायरमनला बोलावून रंधा मारायला लावलात, हे म्हणणं आहे.

कंदी_पेढा
ते राहू द्या, 90 दिवसांचं बोला. आपली माणसं तीन महिने डांबायची आणि दुसऱ्याचा माणूस पंधरवड्यात मागायचा! माझा नवरा बायआउटचे, म्हणजे उरलेल्या नोटिशीच्या बदल्यातले, पैसे भरायला तयार होता, तर म्हणे मॅनेजरच्या मर्जीवर. तेवढ्यात नव्या कंपनीने ऑफर मागे घेतली. पाच महिने घराचा हप्ता माझ्या पगारातून गेला.

पॅनेलवाला
ताई, त्याच 90 दिवसांत लोक आमची ऑफर दाखवून आणखी तीन ठिकाणी भाव वाढवून घेतात. जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद. आम्ही एकाचा लॅपटॉपसुद्धा टेबलावर मांडून बसलो होतो.

कंदी_पेढा
मग करा ना 30 दिवस! भाव करायला वेळच उरणार नाही. एवढं साधं गणित पॅनेलवर बसून सुटत नाही?

जुना_जोगी
1998 ला मला मुंबईला बोलावलं होतं, तर दुसऱ्या वर्गाचं जाण्यायेण्याचं भाडं हातावर ठेवलं. नोकरी नाही दिली, ते सोडा.

कंदी_पेढा
काका, तेव्हा नोटीस किती असायची?

जुना_जोगी
महिना.

कंदी_पेढा
बघा.

पॅनेलवाला
बरं बाबांनो, साडेनऊला बोलावून सव्वादोनला घेतलं हे चूक. घ्या, मान्य. पण त्या बिचाऱ्याच्या हातात सीव्ही सव्वादोनलाच पडला असणार. आम्हाला एचआर आधी देतच नाही.

हडपसरकर
प्रिंट मी नऊ वीसला दिली होती, साहेब. मधले पाच तास ती कुणाच्या टेबलावर होती, तेवढं विचारून सांगा.