लो प्रोफाइल टायर आणि खराब रस्ते : तुमचे अनुभव

गाडी घेताना इंजिन, मायलेज, सनरूफ यांवर घरात तासन् तास चर्चा होते. टायरच्या कडेवरच्या आकड्यांकडे लक्ष जातं ते गाडी दारात आल्यावर. टॉप मॉडेलला मोठे अलॉय आणि त्यांना काळ्या बांगडीसारखा घातलेला टायर. देखणं प्रकरण, यात वाद नाही. पण खड्डे, उखडलेली खडी, पुलाच्या सांध्यावरची पायरी, अशा ठिकाणी या टायरांनी तुम्हाला काय दाखवलं ते इथे लिहा. टायरचा साइज आणि नक्की काय झालं, एवढं आलं तर बरं. 'आमच्या गाडीला काहीच झालं नाही' हेही चालेल, फक्त रस्ता कसा होता तेही सांगा.

आकडे ज्यांना ठाऊक नसतील त्यांच्यासाठी : २२५/४५ आर १७ म्हणजे रुंदी २२५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के (साधारण १०१ मिमी) आणि रिम १७ इंची. १९५/६५ आर १५ मध्ये हीच उंची १२७ च्या आसपास भरते. गंमत म्हणजे दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६३४ मिमी. म्हणजे चाक मोठं झालेलंच नसतं. रबर काढून तिथे धातू आणलेला असतो. लो प्रोफाइल म्हणजे आखूड कडेचा टायर, पण तो कुठून म्हणायचं यावर मतं वेगळी आहेत. इथे कडेची टक्केवारी ५० आणि त्याखालचं सगळं धरू.

*

सेडान, २२५/४५ आर १७, गाडीसोबत आलेलेच टायर. खड्डा पाण्याने भरलेला, खोली कळायला मार्ग नाही. पुढचं डावं चाक धाडकन आपटलं. उतरून पाहिलं तर हवा शाबूत, रिमला ओरखडा नाही. सुटलो म्हटलं. पुढे गाडी धुताना कडेवर हाताला टेंगूळ लागलं. टायरची नक्षी अजून नवीकोरी! पंक्चरवाल्याने हात लावायलाच नकार दिला. "साहेब, कडेला पॅच बसत नाही. बदला." बरोबर होतं त्याचं, पण पोटात दुखायचं ते दुखलंच. शिवाय एकच नवा कसा लावायचा, म्हणून जोडीने दोन घेतले.

*

टायरच्या कामातला माणूस आहे, म्हणून या फुग्याबद्दल थोडं सविस्तर.

चाक खड्ड्याच्या पलीकडच्या धारेवर आदळतं तेव्हा टायरची कड ती धार आणि रिमचा काठ यांच्यात चिमटते. कडेच्या आत दोऱ्यांचा थर असतो, बहुतेक कारच्या टायरांत पॉलिएस्टरचा. हवेचा दाब खरं तर हे दोरे पेलतात. रबराचं काम हवा अडवण्याचं. दोरे तुटले की तेवढ्या जागी रबर एकटं पडतं आणि फुगतं. उंच कडेला दबायला जागा असते, इथे ती चटकन संपते. असा टायर वेगात फुटू शकतो, 'बघू अजून थोडे दिवस' करू नका.

फुगा आतल्या बाजूलाही येतो आणि उभ्या गाडीत दिसत नाही. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवून मोबाइलचा दिवा मारा, मागच्यांसाठी गाडी लिफ्टवर घ्या. कडेवर आत गेलेली उभी, उथळ रेघ दिसली तर मात्र घाबरू नका. ती बहुधा आतल्या थराच्या जोडाची असते. आत गेलेलं चालतं, बाहेर आलेलं नाही.

आणि हवा. 'गाडी फार आपटते, जरा कमी भरा' म्हणणारे रोज भेटतात. हवा कमी केली की कड आणखी दबते, रिम आणखी लवकर टेकतं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जेवढी लिहिलीय तेवढीच, टायर थंड असताना.

*

खड्ड्याबाबत हेही : ब्रेक खड्ड्याच्या आधी मारायचा आणि आत शिरताना पाय उचलायचा. ब्रेक दाबून धरला की गाडीचं नाक खाली जातं, पुढच्या चाकांवर भार येतो आणि तेच आदळतात.

*

हॅचबॅक, सेकंड हँड. आधीच्या मालकाने हौसेने १८ इंची चढवलेले. आमच्याकडे टायर टिकला, रिम गेलं. एकाच चाकाची हवा सारखी उतरायची. पाण्यात बुडवल्यावर रिमच्या आतल्या काठाकडून, टायर जिथे बसतो तिथून, बुडबुडे. काठ दबलेला होता. मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरायचं. बॅलन्सिंग करून करून कंटाळलो. वाकड्या रिमला वजनं चिकटवून काय होणार? शेवटी मशीनवर चाक फिरत असताना काठाकडे नीट बघितलं, तो चक्क नाचत होता. पत्र्याचं रिम ठोकून सरळ करतात. अलॉय ओतीव असतं, ठोकताना तडा जायची भीती.

*

मी चालवत नाही, मागे बसते. यांना स्टिअरिंगमधून रस्ता 'कळतो' म्हणे. मला तो मागच्या सीटवर न विचारताच कळतो, थेट मणक्यात! खडबडीत काँक्रीटवर तर इतका घूं आवाज की गाणी लावून उपयोग नाही.

*

वरच्या ताईंना +१. आमच्याकडे कड आखूड आणि त्यात रन-फ्लॅट, म्हणजे ती ताठसुद्धा. पंक्चर झालं तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर जाता येतं, म्हणून डिकीत स्टेपनीच दिलेली नाही. आमची कड खड्ड्यात फाटली. फाटलेल्या कडेवर रन-फ्लॅटची शेखी चालत नाही. गाडी टो करूनच आणली.

*

मी उलट बाजूने बोलतो. कड आखूड असली की मध्ये रबर डुलत नाही, वळवली की गाडी वळते. मोठ्या रिममध्ये मोठी ब्रेक डिस्क मावते, हाही मुद्दा आहेच. सपाट रस्त्यावर मला दुसरं काही नको. खराब रस्त्याला मी बायकोची गाडी नेतो.

*

शेवटचं वाक्य धाग्याच्या मथळ्यात टाकू का? :-) (धागाकर्ता)

*

१७ वरून १६ वर आलो, २०५/५५ आर १६. आधी १५ इंचीच घेणार होतो, पण पुढच्या ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) रिमला आड आला. मग त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला जो साइज येतो तोच घेतला, म्हणजे नटांच्या भोकांचं अंतर, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसतं ते), कसलीच भानगड नाही. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९१ होता, तोच ठेवला, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. व्यासात दोन-तीन मिलिमीटरचा फरक, स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही.

कड १०१ ची ११३ झाली. कागदावर बारा मिलिमीटर म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखं, पण सांध्यावरचा 'खट्ट' होता तो 'धप्प' झाला. स्टिअरिंग किंचित सुस्तावलं, ते मान्य. पुढून येणारा खडखडाट मात्र तसाच राहिला; तो सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडचा निघाला, बदलल्यावर गेला.

जुने १७ इंची अलॉय गॅलरीत पडून आहेत. कुणाला हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चारातलं एक वाकडं आहे, आधीच सांगतो.