बांगड्या भरताना एका बाईची नखं पळीसारखी खोलगट दिसली, काय असेल?

शहापूरची कासारीण
नमस्कार. आमचं बेळगावात शहापूरला बांगड्यांचं दुकान आहे. आजेसासूबाई डोक्यावर टोपली घेऊन वडगाव, अनगोळला फिरायच्या, सासूबाईंनी दुकान घातलं, आता २२ वर्षं मी बसते. काचेच्या बांगड्या भरायच्या म्हणजे बाईचा हात हातात घ्यावा लागतो, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बारीक करावा लागतो. "हात सैल सोडा", कानडी बाई असली तर "कै सडल बिड्री अक्का", हे दिवसातून शंभर वेळा म्हणते. चेहरे विसरते मी, हात नाही विसरत.

नागपंचमीच्या आदल्या आठवड्यात येळ्ळूरकडची एक बाई लेकीला घेऊन आली. चाळिशीची असेल. हात गार. बांगडी चढवताना तळवा दाबला की कुणाचाही लाल होतो, हिचा पांढराच राहिला. साबणाचं पाणी लावून मी बांगडी सरकवत होते, तेवढ्यात तिच्या तर्जनीच्या नखावर एक थेंब पडला आणि तिथंच थांबला. इतरांच्या नखावरून ओघळून जातो. बघितलं तर नख मधे खोल आणि कडा वर आलेल्या, अगदी आमटीच्या पळीसारखं. मधल्या बोटाचंही तसंच. मी विचारलं तर म्हणाली, "रोप लावून लावून झालंय, चिखलातच असतोय की आम्ही." बांगड्या भरून गेली, पण आमच्या दुकानाच्या तीन पायऱ्या उतरून खाली कट्ट्यावर बसली. धाप लागली होती.

हे खरंच चिखलानं होतं का? की आतलं काही असतं? आणि तिला मी सांगावं का? सणाला बांगड्या भरायला आलेल्या बाईपुढं आजाराचं बोलणं आमच्यात बरं मानत नाहीत. पण तो थेंब डोळ्यापुढून जाईना.

अजून एक. माझ्या जावेच्या नखांवर बारीक बारीक टोचे पडल्यासारखे खड्डे आहेत, शिवणाऱ्याच्या अंगुस्तानावर असतात तसे. आणि माझ्या स्वतःच्या नखांवर उभ्या रेघा आल्यात. तेही सांगितलंत तर बरं.

निवृत्त सिस्टर, खानापूर
ताई, तुमची नजर चांगली आहे. सरकारी दवाखान्यात आयुष्य गेलं माझं. तुम्ही न ठरवता जी परीक्षा केलीत, तीच आम्हाला शिकवायचे: नखावर पाण्याचा थेंब ठेवायचा, थांबला तर नख खोलगट. अशा नखाचं पहिलं कारण शोधायचं ते अंगातल्या लोहाची कमतरता. लोह कमी पडलं की नख पातळ होतं, मऊ पडतं आणि बोटाच्या दाबानं मधे बसतं. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, म्हणजे ज्यांनी आपण जास्त दाबतो, तिथं ते आधी दिसतं.

चिखलाचं ती म्हणते तेही अगदीच खोटं नाही. सतत पाण्यात, साबणात हात असले तर नख पातळ होऊन वाकू शकतं. तान्ह्या मुलांची नखं तर कधी कधी अशी असतात आणि आपोआप सरळ होतात. म्हणून नुसत्या नखावरून रोग ठरवायचा नाही. पण पांढरा तळवा, गार हात, तीन पायऱ्यांना धाप? हे नखाबरोबर जुळतंय. तिला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. हिमोग्लोबिन बघतील. बाईमाणसाचं १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात, ८ च्या खाली म्हणजे गंभीर. जमलं तर फेरिटिनही करा म्हणावं, अंगातला लोहाचा साठा त्यात कळतो. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठा रिकामा असू शकतो.

आणि गोळ्या चालू करून थांबायचं नाही, लोह जातंय कुठं ते शोधायचं. या वयात बहुतेक वेळा पाळीचं जास्त रक्त. बाया सांगत नाहीत. "असंच असतंय" म्हणून सहा सहा महिने अंगावर काढतात, मी हजारदा बघितलंय. दुसरं, अनवाणी चिखलात, शेतात वावरणाऱ्यांना अंकुशकृमी होतात. ते पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. पाळी गेलेल्या बाईला किंवा पुरुषाला असं झालं तर पोटात कुठं रक्तस्राव होतोय का हे बघावंच लागतं.

तुमच्या उभ्या रेघा वयाच्या. केस पिकतात तसं ते. काळजी नको.

बेळगुंदीचा सुतार
अक्का, आडव्या रेघेचं मी सांगतो, माझ्यावरनं गेलंय. मागच्या वर्षी डेंगी झाला, आठ दिवस ताप, प्लेटलेट उतरल्या, बेळगावला ॲडमिट होतो. बरा झालो, कामाला लागलो. पुढं दोन-तीन महिन्यांनी रंधा मारताना लक्ष गेलं: दहाच्या दहा नखांवर एकेक आडवी खाच. बोट फिरवलं की लागायची, फळीवर करवतीची पहिली ओळ पडते तशी. घरात म्हणाले कुणी तरी करणी केली. चुलतभाऊ औषधाच्या दुकानात आहे, त्यानं सांगितलं की मोठ्या आजारात शरीर नख वाढवायचं काम थोडे दिवस थांबवतं, ती जागा नंतर खाच होऊन पुढं सरकते. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८४६ मध्येच हे लिहून ठेवलंय, त्याच्याच नावानं या रेघा ओळखतात.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मी पट्टी लावली. नखाच्या मुळापासून खाच ९ मिलिमीटरवर. म्हणजे तीन महिने. दवाखान्याचा कागद काढला, तारीख बरोबर जुळली. लाकूड बघून पाऊस कुठल्या साली कमी झाला ते आम्ही सांगतो, तसंच झालं हे. एकाच नखावर खाच असेल तर हातोडी लागली असं समजायचं, सगळ्यांवर असेल तर अंगातून काही तरी गेलंय.

संकेश्वरची मास्तरीण
जावेच्या खड्ड्यांबद्दल लिहिते, कारण माझेही तसेच होते. ताई, त्यांच्या कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात केसांखाली पांढरे पापुद्रे निघणारे लालसर चट्टे आहेत का विचारा. असे खड्डे बहुतेक वेळा सोरायसिस या कातडीच्या रोगात पडतात. चाई पडून केस जाणाऱ्यांच्या नखांवरही दिसतात.

मला एका डॉक्टरांनी नखं नुसती बघून बुरशी म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या. नखाचा तुकडा कापून तपासायला पाठवला असता तर चार दिवसांत कळलं असतं की बुरशी नाही. तोवर सकाळी उठल्यावर बोटांची पेरं आखडायला लागली होती, खडू धरवत नव्हता. सोरायसिसमध्ये नखं बिघडलेल्यांना सांधे धरण्याचा धोका जास्त असतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. जावेला सांधे दुखतात का, सकाळी हात उघडायला वेळ लागतो का, हे नक्की विचारा. हो असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडं लवकर न्या.

आणि एक हात जोडून सांगते. हा रोग लागत नाही. माझ्या ताटवाटीचा वेगळा ढीग आमच्या घरात वर्षभर होता. जावेचं तसं होऊ देऊ नका.

निपाणीचा लॅबवाला
एकच सांगायचं होतं. नखांसाठी, केसांसाठी म्हणून दुकानातून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून खातात लोक. आमच्याकडं थायरॉइड तपासायला येतात आणि रिपोर्ट भलताच येतो, कारण बायोटिन त्या तपासणीच्या रसायनात लुडबुड करतं. खात असाल तर रक्त द्यायच्या आधी सांगा, डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस बंद ठेवा. नखावरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, हेही लोक धरून बसलेत. ते बहुतेक वेळा नखाच्या मुळाला लागलेला बारीक मार असतो, महिन्या-दोन महिन्यांनी वर दिसतो.

शहापूरची कासारीण
सिस्टर, सगळं वाचून काढलं. तिला सांगायचं कसं तेवढं सांगा. नंबर नाही माझ्याकडं, पण लेकीच्या बांगड्या बदलायला परत येणार आहे.

निवृत्त सिस्टर, खानापूर
आजार म्हणू नका. "तुझा हात गार लागतोय गं, धाप पण लागली होती, एकदा रक्त बघून घे" एवढंच. आणि लेकीला बाजूला घेऊन पाळीचं विचारायला सांगा. आई लेकीला सांगते, दुकानात सांगणार नाही.

जाता जाता तुमच्यासाठी अजून दोन खुणा, कारण हात तुमच्या हातात असतात. दोन्ही हातांच्या तर्जनींची नखं पाठीला पाठ लावून धरली की मधे शंकरपाळीएवढी नाही, पण तशाच आकाराची बारीक फट दिसते. ती फट दिसत नसेल आणि बोटांची टोकं फुगलेली असतील तर छातीचा डॉक्टर गाठायचा. शॅमरॉथ नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयाच्या डॉक्टरांनी स्वतःच्या आजारपणात स्वतःच्याच बोटांवर हे टिपलं होतं. दुसरं, एकाच नखावर नवी काळी उभी पट्टी आली, रुंद होत चालली, किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला, तर थांबायचं नाही. तो कातडीचा कर्करोग असू शकतो.

शहापूरची कासारीण
उशिरा लिहितेय, दिवाळीच्या गर्दीत वेळ मिळाला नाही.

ती बाई पंचमीनंतर पाच-सहा दिवसांनी लेकीबरोबर आली. तुम्ही सांगितलं तस्संच म्हटलं. ती हसली, लेक नाही हसली. दोन दिवसांनी लेकीचा फोन आला, हिमोग्लोबिन ६.८. पाळीचं रक्त दहा-दहा दिवस जात होतं, घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तपासणीत गर्भाशयात गाठ निघाली, कर्करोगाची नव्हे. शिरेतून लोह दिलं, मग गोळ्या. आता पाळीचंही औषध चालू आहे.

गोळ्या तिनं मधे बंद केल्या होत्या. शौचाला काळं होतंय म्हणून घाबरली. मी दुकानातूनच फोन लावून सांगितलं की तसं होतंच. चहाबरोबर घेत होती, तेही सिस्टरांना विचारून सोडवलं. आता लिंबूपाण्याबरोबर घेते, चहा तासभर पुढं. हिमोग्लोबिन भरून आलं तरी पुढं तीन महिने गोळ्या घ्यायच्यात.

वसुबारसेला बांगड्या भरायला आली. मी आधी बोट धरून नख बघितलं. मुळाकडचं अर्ध्याहून जास्त नख सपाट आलंय, गुलाबी आहे. पुढचा भाग अजून जुना, वाकलेला, आणि दोन्हींच्या मधे हाताला लागेल असा उतार आहे. साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला. मुळाशी सोडला तो घरंगळत पुढं गेला आणि त्या जुन्या खोलगट भागात जाऊन थांबला. आम्ही दोघी बघत बसलो. सगळं नख नवं व्हायला अजून दोन-तीन महिने जातील म्हणते लेक.

जावेच्या डोक्यात चट्टे निघाले. सांधे दुखत नाहीत अजून. मंगळवारी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मास्तरीणबाई, ताट वेगळं करू दिलं नाही मी.