राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकू का? की उगाच हौस?

बिनतारी:
मंडळी, जरा मदत हवीये. घरी फायबर आहे, स्पीड टेस्ट लावली की डाउनलोड १०० अपलोड २० येतं म्हणजे कागदावर सगळं झकास. पण मी मिटिंगमध्ये असताना घरातल्या कुणाच्या तरी फोनचा फोटो बॅकअप सुरू झाला की माझा आवाज रोबोटसारखा व्हायला लागतो, समोरचे हॅलो हॅलो करत बसतात, मी आपला कॅमेरा बंद करून गप. कस्टमर केअर एकच सांगतं, राउटर बंद करून चालू करा. एक मित्र म्हणतोय कंपनीचा राउटर फेकून दे, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, बदलून टाकायचं ओपन सोर्स लिनक्स) चालणारा घे, सगळे प्रश्न मिटतील. लॅपटॉपवर लिनक्स वापरतो, टर्मिनलची भीती नाही पण नेटवर्किंगमधलं फारसं कळत नाही. तर याने खरंच फरक पडतो का? ओपन सोर्स म्हणजे जास्त सुरक्षित हे खरं की नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात? आणि जमलंच तर घरच्या जुन्या पीसीवर फोटो ठेवून बाहेरून बघायचेत, त्याला सीजीनॅट नावाचं काहीतरी आडवं येतं म्हणे.

तारेवरची_कसरत:
आधी काहीही फ्लॅश करू नका, म्हणजे नवीन फर्मवेअर चढवू नका. आधी मोजा.

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, वायफाय बंद, एका खिडकीत पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते) चालू ठेवा आणि दुसरीकडे एखादी दांडगी फाइल अपलोडला लावा. पिंग दहा-पंधरा मिलिसेकंदांवरून तीनशे-चारशेवर उडाला तर तुमचा आजार बफरब्लोट, त्यावर औषध आहे. केबलवर सगळं ठीक आणि वायफायवरच बोंब असेल तर तो चॅनेलचा, भिंतींचा, अँटेनाचा प्रश्न. तिथे फर्मवेअर कुठलंही टाका, फार तर उन्नीस-बीस. अर्ध्या लोकांची इथेच गल्लत होते, वायफाय कमकुवत म्हणून ओपनडब्ल्यूआरटी टाकतात आणि मग शिव्या घालतात.

तुमच्या वर्णनावरून मला बफरब्लोटच वाटतोय. होतं काय, फोन फोटो ढकलतो वायफायच्या वेगाने, बाहेरची लाइन २० एमबीपीएसची, मग जास्तीचे पॅकेट राउटरच्या किंवा ओएनटीच्या (फायबर घरात येऊन जोडते तो डबा) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या रांगेत, साठत जातात. हा बफर १ एमबीचा जरी असला तरी २० च्या लाइनवर तो रिकामा व्हायला ०.४ सेकंद लागतात, आणि तुमच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट त्या सगळ्याच्या मागे उभं. वर गंमत म्हणजे टीसीपीला लाइन भरलीय हे कळतं पॅकेट गळल्यावर, बफर मोठा म्हणून पॅकेट गळतच नाही, म्हणून फोन अजून जोरात ढकलत राहतो. मेमरी स्वस्त झाली, मोठा बफर म्हणजे चांगलं अशी समजूत होती, त्याचं हे फळ. जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमारास यावर आरडाओरडा सुरू केला, २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल मांडला. त्यात रांग किती लांब आहे हे बघतच नाहीत, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघतात. ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त ताटकळणं १०० मिलिसेकंदभर चालू राहिलं की पॅकेट टाकायला सुरुवात, की पाठवणारा आपोआप हळू होतो. त्याला प्रत्येक कनेक्शनची वेगळी रांग जोडली की एफक्यू-कोडेल, आणि त्याच्या पुढचं केक, जे २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ मध्ये आलं.

हे सगळं काम उघड्यावर झालं, मेलिंग लिस्टवर भांडत, स्वतःच्या घरच्या लाइनीवर मोजमापं घेत, आणि ओपनडब्ल्यूआरटीवाले ते पहिल्यापासून वापरत होते. मला ओपन सोर्स आवडतं ते या कारणासाठी. फुकट आहे म्हणून नाही, ज्याला दुखतंय त्याला स्वतः हात घालता येतो म्हणून. बंद राउटरच्या पानावर 'क्यूओएस' नावाचं एक बटण असतं, ते दाबल्यावर आत काय होतं ते देव जाणे.

तर ओपनडब्ल्यूआरटीवर एसक्यूएम (रांगेला शिस्त लावणारं) पॅकेज टाका, केक निवडा, अपलोड १८ आणि डाउनलोड ९० लावा. मुद्दाम थोडं कमी, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या डब्यात लागते, जिथे तिला शिस्त लावता येते. स्पीड टेस्टचा आकडा दहा टक्के उतरेल, उतरू दे. तो आकडा जाहिरातीत छापायला ठीक आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा, शेपिंगला (असा वेग आवरायला) प्रोसेसर लागतो. हार्डवेअर ऑफलोडिंग चालू असेल तर पॅकेट प्रोसेसरला वळसा घालून जातात आणि एसक्यूएम नुसतं नावाला उरतं, त्यामुळे ते बंद ठेवा. गिगाबिट लाइन असेल तर दमदार राउटर बघावा लागतो, तुमच्या शंभराला मधलाही पुरेल. घेताना आधी ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत मॉडेल बघा, आणि नुसतं मॉडेल नाही तर हार्डवेअर व्हर्जनसुद्धा, एकाच नावाच्या डब्यात दोन वेगळ्या चिप निघतात. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपपासून लांब राहा, ड्रायव्हर बंद आहेत. मीडियाटेकच्या फिलॉजिक चिपवाले सध्या बरे. ४ एमबी फ्लॅश ३२ एमबी रॅमवाले जुने डबे कोणी फुकट दिले तरी नको.

वाचनमात्र:
वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे पण हेच होतं, मी आपला समजत होतो वेबकॅम खराब आहे.

अडेलतट्टू:
एसक्यूएमबद्दल १००% सहमत, पण सुरक्षिततेच्या प्रश्नाला बगल दिलीत की राव. ओपन म्हणजे सुरक्षित हा भाबडेपणा आहे. हार्टब्लीड नावाचं भोक २०१२ च्या ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनचं ओपन सोर्स) १.०.१ पासून २०१४ पर्यंत सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत होतं, कोणी वाचलं? आणि २०२४ मार्चचं एक्सझेड (फाइल दाबून लहान करणारं ओपन सोर्स) तर अजून भारी, कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून विश्वास कमावला, थकलेल्या एकट्या मेंटेनरकडून हक्क मिळवले आणि ५.६.० मध्ये मागचं दार बसवलं. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस डेटाबेसवाल्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून. तो त्या दिवशी सुट्टीवर असता तर? आणि दार उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये (सगळे वाचतात त्या कोडमध्ये) नव्हतीच, रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायच्या तयार गठ्ठ्यात) होती, म्हणजे गिटमधला सोर्स वाचून बसला असता तरी ती ओळ दिसली नसती. सामान्य माणसाने कंपनीचा राउटर ठेवावा, अपडेट त्यांचे ते करतील, आपण आपल्या कामाला लागावं.

तारेवरची_कसरत:
@अडेलतट्टू एक्सझेडचा मुद्दा मान्य, उलट मीच एक भर घालतो. २०२४ डिसेंबरमध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्याच अपडेट तयार करून देणाऱ्या सर्व्हरमध्ये भोक सापडलं, हॅश (मजकूर ओळखायचा ठसा) १२ अक्षरांवर तोडून वापरत होते. कळवल्यावर काही तासांत दुरुस्त केलं आणि काय झालं होतं ते जाहीर सांगितलं.

पण 'अपडेट त्यांचे ते करतील' हे कुठल्या जगात? कंपनीच्या डब्याच्या आत पण लिनक्सच आहे हो. तेच बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या कमांडचा संच), तेच डीएनएसमास्क (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारं), फक्त कितीतरी वर्षं जुनं, कारण चिपवाल्याने जे एसडीके (तयार कोडचा संच) दिलं त्याच्यावर एकदा फर्मवेअर बनवलं की पुढच्या मॉडेलकडे वळायचं. २०१७ मध्ये डीएनएसमास्कमध्ये सात भोकं सापडली, २.७८ मध्ये बुजवली. मी ते पॅकेज त्या आठवड्यात बदलू शकलो. बंद डब्यावाल्याला आपल्याकडे कुठलं व्हर्जन आहे हे सुद्धा दिसत नाही. म्हणजे तुमची निवड उघडं की बंद अशी नाहीचे, तोच ओपन सोर्स ताजा हवा की शिळा एवढीच आहे. आणि २०१६ च्या मिराय या राउटर-कॅमेऱ्यांत घुसणाऱ्या व्हायरसला तर भोकसुद्धा लागलं नव्हतं, साठेक कारखान्यातल्या पासवर्डांची यादी पुरली.

शिवाय टीआर-०६९. कंपनीला तुमच्या राउटरची सेटिंग तिकडून बदलता येतात, उंटावरून शेळ्या हाकायची सोय. कस्टमर केअरला कामाला येते हे खरं, पण आपल्या घराच्या दाराची किल्ली कोणाकोणाकडे आहे ते माहीत तरी असावं.

अवांतर: हा सगळा प्रकार एका परवान्यामुळे सुरू झालाय. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी मध्ये लिनक्स आहे हे लोकांनी ओळखलं, लिनक्सच्या जीपीएल परवान्याप्रमाणे सोर्स द्या म्हणून मागे लागले, २००३ मध्ये कंपनीला तो द्यावा लागला आणि २००४ मध्ये त्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. पुढे पाचव्या व्हर्जनला त्यांनी मेमरी छाटून लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही बंद सिस्टीम घातली, लोक खवळले, मग जीएल नावाने लिनक्सवालं मॉडेल परत काढलं. आणि २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनी बनाना पाय आणि सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीबरोबर स्वतःचाच राउटर काढला, ओपनडब्ल्यूआरटी वन. परवान्याची कलमं कोणी वाचत नाही म्हणतात, त्या लोकांनी वाचली होती.

धाकटी_पाती:
तुम्ही तिघंही टेक्निकल बोलताय, मी त्याच घरात राहणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिते. आमच्या दादाने हे सगळं केलंय. राउटर, पाय-होल (जाहिराती अडवणारा डबा), वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर यायचं व्हीपीएन), कपाटावर दिवे लुकलुकणारे डबे. चालतं तेव्हा खरंच छान चालतं, जाहिराती बऱ्याच कमी झाल्या (यूट्यूबच्या नाही, त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात म्हणे). पण बाबांच्या मेसेजमधल्या लिंका उघडत नाहीत कारण मधला ट्रॅकर ब्लॉक आहे, टीव्ही अधूनमधून रुसतो, आणि दादा गावाला गेला की सगळं घर त्याला फोन करतं. ज्या दिवशी पाय-होलच्या डब्याचं मेमरी कार्ड गेलं त्या दिवशी नेट चालू होतं पण एकही साइट उघडेना, मला डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं) हा शब्द त्या दिवशी कळला.

विरोध नाहीये. पण लावणार असाल तर कंपनीचा राउटर फेकू नका, आणि कुठली केबल कुठे लावली की जुनं नेट परत येतं हे कागदावर लिहून राउटरला चिकटवा. दादाने आता लिहिलंय. अक्षर वाचता येत नाही हा भाग वेगळा.

अडेलतट्टू:
@धाकटी_पाती मोदक घ्या. मला हेच म्हणायचं होतं, मी उगाच हार्टब्लीडपर्यंत गेलो.

बिनतारी:
मोजलं! केबलवर रिकाम्या लाइनला पिंग ९, अपलोड लावल्यावर ३८० ते ४५०, डाउनलोडला शंभराच्या आसपास. म्हणजे बफरब्लोटच ना? मित्राकडे ओपनडब्ल्यूआरटी टाकलेला एक फिलॉजिकवाला पडून आहे, तो आधी उसना आणतो. पण कंपनीच्या डब्यात ब्रिज मोड (राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे द्यायची सोय) दिसतच नाही, तो ओएनटी आणि राउटर एकत्र आहे. आणि राउटरच्या पानावर वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो, तेच का ते सीजीनॅट?

तारेवरची_कसरत:
हो, अपलोडचा क्लासिक बफरब्लोट.

ब्रिज नसला तरी अडत नाही. उसना राउटर कंपनीच्या डब्याच्या मागे केबलने लावा, डबल नॅट (एका पत्त्याआड अनेक उपकरणं, तेही दोनदा) होईल, त्याला नावं ठेवतात लोक पण मिटिंगला आणि ब्राउझिंगला काही फरक पडत नाही. फक्त दोघांचे आयपी रेंज वेगळे ठेवा, एकाला १९२.१६८.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.२. आणि महत्त्वाचं म्हणजे कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा. नाहीतर तो बॅकअपवाला फोन जुन्या वायफायवरच राहील, एसक्यूएमला वळसा घालून लाइन भरत बसेल आणि तुम्ही म्हणाल काहीच फरक नाही. यात @धाकटी_पाती यांचं पण काम होतंय, काही बिघडलं तर ते वायफाय परत चालू केलं की झालं.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते सीजीनॅटसाठीच २०१२ मध्ये राखून ठेवलेत, म्हणजे तुम्ही त्याच्या आतच आहात. आयपीव्ही४ चे पत्ते जेमतेम ४.३ अब्ज, पत्ते वाटणाऱ्या आयएएनए संस्थेने शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून टाकले, मग एका पत्त्याआड अनेक घरं बसवायची असं चाललंय. पोर्ट फॉरवर्डिंग विसरा, तुमच्या राउटरवर कितीही केलंत तरी बाहेरचं पॅकेट तिथवर पोचतच नाही. आधी आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, लांबलचक पद्धत) मिळतंय का बघा. मिळत असेल आणि कंपनी आत येणारं अडवत नसेल तर त्याच्यावर वायरगार्ड लावा, २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, मूळ कोड चारेक हजार ओळींचा, ओपनव्हीपीएनच्या मानाने सेटअप म्हणजे काहीच नाही. फोन बाहेर ज्या नेटवर असेल तिथेही आयपीव्ही६ लागेल पण.

नसेल तर टेलस्केल. आत वायरगार्डच आहे, पण जोडणी जुळवणारा सर्व्हर त्यांचा आणि बंद. काही लोकांना ते खटकतं, त्यांच्यासाठी त्या सर्व्हरचा ओपन सोर्स पर्याय हेडस्केल आहे पण त्याला बाहेर एक सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. मी तुमच्या जागी असतो तर सुरुवातीला सरळ टेलस्केल घेतलं असतं, सगळं एकाच दिवशी शुद्ध करायला गेलं की काहीच उभं राहत नाही. फोटोंसाठी इमिच (घरच्या पीसीवर फोटो ठेवायचं ओपन सोर्स) बघा, छान आहे, पण तेवढ्यावर फोनमधले फोटो उडवू नका, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

बिनतारी:
आयपीव्ही६ मिळतंय असं दिसतंय, वॅनच्या खाली २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता आहे. राउटर शनिवारी आणतो. पण आधी विचारून ठेवतो, केकमध्ये ते 'ओव्हरहेड' म्हणून रकाना आहे तिथे फायबरला काय भरायचं?

तारेवरची_कसरत:
४४ भरा आणि सोडून द्या, हे प्रत्येक पॅकेटवर चढणारे जादाचे बाइट. गरजेपेक्षा थोडं जास्तच आहे, पण जास्त झालं तर वेग किंचित उतरतो, कमी पडलं तर रांग परत कंपनीच्या डब्यात जाते. बसवल्यावर तीच अपलोडची टेस्ट परत लावा आणि पिंग इथे टाका, चाळीसच्या वर असेल तर अपलोड १८ वरून १७ करून बघू.