बाबांची ३० वर्षांची सिगारेट सुटेना, काय करू?

सातपूरकर_लेक: बाबा दोनदा सोडून चौथ्या दिवशी परत टपरीवर. सकाळी चहाचा कप हातात आला की बोटं आपोआप खिशाकडे जातात. ओरडून झालं, आता लपून ओढतात.

जुना_फुंक्या: ओरडू नका हो, मीही त्यातलाच. डॉक्टरांना विचारून निकोटिन गम आणा, उठल्यावर अर्ध्या तासात पहिली लागत असेल तर बहुतेक ४ मिलिग्रॅमवाला देतात, अन् तो सतत चघळायचा नाही, झणझणलं की गालात दाबून ठेवायचा, मी चघळत बसलो आणि उचक्यांनी हैराण झालो.

गोदाकाठ: १८००-११-२३५६ वर फुकट समुपदेशन मिळतं. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढी घाटावर चक्कर.

सातपूरकर_लेक: अरे देवा, बाबांनी गम चघळूनच फेकला होता! उद्यापासून चहा गच्चीवर, तिथून टपरी दिसत नाही.