दिवाळीत मालवण: गाडी लागणारी लेक, ४ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, कसं जमवायचं?

आभा_कोथरूड

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचं घाटतंय. आम्ही दोघं, लेक ९ वर्षांची, मुलगा ४ चा आणि सासूबाई. त्यांचे गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे. नवऱ्याने जो प्लॅन केलाय तो ऐकून मलाच दमायला झालं: पहाटे पुण्याहून निघायचं, कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन, मग गणपतीपुळे, मग मालवण-तारकर्ली आणि "एवढं गेलोच आहोत तर" गोवा, आणि पाचव्या दिवशी रात्री घरी. लेकीला घाट सुरू झाला की गाडी लागते, पसरणी घाटसुद्धा तिला पुरतो. धाकट्याला पाणी दिसलं की तो कपड्यांसकट आत, मागून कितीही ओरडा.

तर गाडीने जावं का ट्रेनने, पुण्याहून ट्रेनचं कसं जमतं, आणि मुलांना घेऊन तिकडे नक्की काय बघावं, काय सोडावं? शिवाय धाकटा तिखट अजिबात खात नाही, त्याचं काय करायचं तेही सांगा. गोव्याचं खूळ डोक्यातून काढायला मुद्दे दिलेत तर आभारी राहीन 😀

ठाणेकर_बाबा

ट्रेन. डोळे मिटून ट्रेन.

लेकीला गाडी लागते म्हणताय आणि घाट उतरायचा विचार करताय, कशाला? पुण्याहून पनवेल गाठा (एक्स्प्रेसवेचा बोरघाट तेवढा लागेल पण तो पटकन संपतो) आणि तिथून कोकण रेल्वेची दिवसाची गाडी पकडा. मांडवी सकाळी मुंबईहून सुटते, पनवेलला थांबते, संध्याकाळपर्यंत कुडाळ. रात्रीची कोकणकन्या आहे पण ती पनवेलला मध्यरात्री येते, झोपलेलं पोर खांद्यावर आणि सामान हातात घेऊन तेव्हा प्लॅटफॉर्मवर उभं राहायची हौस असेल तर बघा. आणि मांडवीत खायची चंगळ असते, सारखं कोणीतरी काहीतरी घेऊन येतच असतं, मुलं त्यातच रमतात.

आमची मुलं बोगदे मोजतात. नव्वदच्या वर आहेत म्हणे सगळ्या मार्गावर, आमचा आकडा दरवेळी वेगळा येतो आणि त्यावरून भांडण. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तो आला की डबा एकदम गप्प होतो आणि मग कोणतं तरी बारकं पोर भोकाड पसरतं. रत्नागिरी सोडलं की थोड्या वेळात पानवल नदीचा पूल येतो, ६४ मीटर उंच, खाली बघितलं की पोटात गोळा येतो. दरवाजात मात्र कोणालाही उभं राहू देऊ नका, नवऱ्यालाही.

तिकिटाचं म्हणाल तर ५ वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही पण मग त्याला जागाही मिळत नाही, मांडीवर घ्यावं लागेल. ५ ते १२ च्या मुलाला बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, बर्थ हवा असेल तर पूर्ण. चेअरकारमध्ये अर्ध्या तिकिटाची सोय नाही. मी तर म्हणतो धाकट्याचंही पूर्ण तिकीट काढून बर्थ घ्या, दिवसभर ४ वर्षांचं पोर मांडीवर म्हणजे शिक्षा आहे. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. दिवाळीच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात, त्यामुळे त्या दिवशी सकाळी आठला दोघांनी दोन फोन घेऊन बसा. सासूबाईंचं वय बरोबर टाका, लोअर बर्थ मिळायची शक्यता वाढते.

कुडाळकर

आभाताई, प्लॅन वाचून हसू आवरेना. गणपतीपुळे, मालवण आणि गोवा पाच दिवसांत, म्हणजे तुम्ही कोकण बघणार नाही, हायवे ६६ बघणार. गोवा कट करा, गणपतीपुळेही पुढच्या वेळी. तारकर्ली किंवा देवबागला एकच खोली घ्या आणि तिथेच मुक्काम ठोका, पोरांचं सामान रोज भरायचं नाही म्हटल्यावर तुमचा निम्मा त्रास तिथेच संपला.

आता पाण्याचं. आमच्याकडे पर्यटक फसतो तो भरतीला. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या, त्या दोन-चार दिवसांत उधाण असतं, पाणी जोरात येतं आणि जातानाही जोरात ओढतं. अमावस्येला भरती साधारण अकरा-बाराच्या सुमारास आणि ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला, मग रोज पाऊण तासाने पुढे सरकत जातं. त्यामुळे दिवाळीत मुलांना सकाळी नाश्ता करून लगेच समुद्रावर नेऊ नका, तेव्हा पाणी चढत असतं. चारनंतर न्या. पाणी मागे गेलेलं असतं, ओली घट्ट वाळू लांबपर्यंत मोकळी होते, तुमचा धाकटा कपड्यांसकट लोळला तरी घोट्याएवढ्याच पाण्यात. बाकी दिवशी मुक्कामाच्या मालकाला विचारायचं, "भरती किती वाजता?" त्याला घड्याळाइतकं पाठ असतं.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तो संगम बघायला छान आहे पण तिथे पोरांका पाण्यात सोडू नको, नदीचं आणि समुद्राचं पाणी एकमेकांत शिरतं तिथे ओढ कुठून येईल सांगता येत नाही. आंघोळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर. आणि बोटीत बसाल तिथे लाइफजॅकेट लहान मापाचं आहे का बघा. मोठ्यांचं जॅकेट ४ वर्षांच्या मुलाला घातलं तर तो खालून सुटतो, त्याचा उपयोग शून्य. मापाचं नसेल तर सरळ उतरायचं, पैसे गेले तरी चालतील. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला बोट उलटून माणसं गेली होती, इथे कोणी ते विसरलेलं नाही.

गौरी_दोन_मुलांची_आई

गाडी लागण्यावर बोलते, माझी दोन्ही मुलं त्यातलीच. मोबाइल बंद, पुस्तक बंद, चित्रं रंगवणं बंद. मान खाली गेली की संपलं. मागच्या सीटवर मधोमध बसवायचं म्हणजे समोरचा रस्ता दिसतो. गाडीतलं ते परफ्यूमचं डबडं काढून टाका, निम्म्या उलट्या त्यानेच होतात असं माझं ठाम मत आहे. उपाशी पोटी नेऊ नका आणि मिसळ खाऊनही नेऊ नका, कोरडे कुरमुरे किंवा एखादी चपाती पुरते. औषध लागलंच तर तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारून, डोस वजनावर असतो, शेजारणीने सांगितलेली गोळी अर्धी करून द्यायची नाही. आणि ते घाट सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायचं असतं, उलटी सुरू झाल्यावर देऊन काय उपयोग, ते पण बाहेर.

आवळासुपारी लेकीला द्या, धाकट्याला नको, कडक तुकडा घशात अडकतो. पिशव्या भरपूर, दोन-दोन एकात एक घालून, आणि एक जोडी कपडे डिकीत नाही, हाताशी. माझ्या धाकटीने एकदा नेमकी आजीच्या पर्समध्ये... असो.

फिरस्ता_सांगली

मी जरा उलटं बोलतो. सगळे ट्रेन ट्रेन करताय पण कुडाळला उतरल्यावर काय? पाच माणसं, सामान, रिक्षात मावत नाही, रोज गाडी ठरवायची म्हणजे त्याचे पैसे आणि त्याच्या वेळा. लहान मूल बरोबर असलं की स्वतःची गाडी हवीच, पोर झोपलं तर झोपू द्यायचं, मध्येच शू आली तर थांबायचं. तुम्ही कोल्हापुरात मुक्काम करा, अंबाबाईचं दर्शन होईल, सासूबाई खूश. सकाळी ताज्यातवान्या पोटाने राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरा, कणकवलीला निघता. गगनबावड्याचा करूळ घाट पण आहे पण मला मुलांना घेऊन फोंडा बरा वाटतो. दिवसाउजेडी उतरायचं, सावकाश. घाटात मागचा हॉर्न वाजवत असेल तर जाऊ द्या त्याला पुढे, आपल्याला कुठे बक्षीस मिळणारे.

आभा_कोथरूड

सगळ्यांचे आभार, इतकी माहिती मिळेल वाटलं नव्हतं. नवऱ्याला थ्रेड वाचायला दिला. गोवा गेलं!! गणपतीपुळ्यावर अजून वाटाघाटी चालू आहेत. त्याचं म्हणणं एवढ्या लांब जाऊन नुसतं वाळूत बसायचं का, मुलांना काहीतरी दाखवायला नको का. कुडाळकर, तुम्हीच सांगा त्याला. आणि किल्ल्यावर सासूबाईंना जमेल का?

कुडाळकर

दाखवायला कमी आहे का इथे.

सिंधुदुर्गावर जाच. रायगडासारखं चढायचं नाही, तो पाण्यातला किल्ला, कुरटे बेटावर. मालवणच्या जेटीवरून होडी. सासूबाईंना त्रास होईल तो होडीत चढता-उतरता, तिथे दोघांनी दोन हात धरा, खलाशीही मदत करतो. आत देवळापर्यंत जमेल, तटावरच्या पायऱ्या त्यांनी सोडून द्याव्यात. होडीत असताना मुलांना सांगा, दरवाजा शोधा. दिसत नाही! सगळा तटच तट दिसतो, अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या बेचक्यात दरवाजा सापडतो, तसाच मुद्दाम बांधलाय. १६६४ ला महाराजांनी काम सुरू केलं, १६६७ ला पुरं झालं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, आणि महाराजांच्या हाताचा न् पायाचा ठसा म्हणून दाखवतात तो मुलांना फार आवडतो, प्रत्येकाला आपला हात मोजून बघायचा असतो. दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन विहिरी, चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोडं पाणी. लेक ९ ची आहे ना, तिला विचारू द्या हे कसं, आणि उत्तर नवऱ्याला देऊ द्या 😄 २०२५ ला युनेस्कोच्या यादीत महाराजांचे १२ किल्ले गेले त्यात हा आहे, शाळेत सांगायला बरं. होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात, म्हणून गेल्या गेल्या फोटो काढत बसू नका.

दुसरं, कुडाळजवळ पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या, परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तिथे त्यांचं कला आंगण आहे, गोठ्यात मांडलेलं म्युझियम. आधी फोन करून गेलात तर बाहुल्यांचा खेळ बघायला मिळू शकतो. मोबाइलवर कार्टून बघणारी पोरं लाकडी बाहुलीची दोरी हातात आली की सोडत नाहीत, माझ्या भाच्याला ओढून आणावं लागलं होतं.

आणि एखादी दुपार सावंतवाडी. मोती तलाव, राजवाडा, चितारआळीत लाकडी खेळणी. लाकडाची भाजी-फळं घ्या, लेक दुकान-दुकान खेळेल. बस. याहून जास्त काही बघू नका.

दुबईकर_मृण्मयी

आमचीही अशीच वरात असते दरवर्षी, आई, सासूबाई, दोन मुलं. एकच सांगते, किनाऱ्यावर आजीसाठी घडीची खुर्ची न्या. वाळूत खाली बसलं की गुडघ्यांचे हाल, मग त्या खोलीतच थांबतात आणि "तुम्ही जा" म्हणतात आणि मनातून रुसतात. खुर्ची असली की त्या दोन तास मजेत, कपडे-चपला सांभाळतात आणि नातवावर नजर असते ती वेगळी. पण पाण्यातल्या मुलावर लक्ष ठेवायची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका हं, त्यासाठी मोठं माणूस मुलाच्या हाताच्या अंतरावर, फोन खिशात.

लेकीला स्कूबा करायचंय म्हणाली तर अजून थोडी मोठी होऊ दे.

आभा_कोथरूड

खुर्चीची आयडिया सासूबाईंना सांगितली, "मला काय म्हातारी समजलात" म्हणाल्या आणि दहा मिनिटांनी हळूच विचारलं केवढ्याला मिळते.

तिखटाचं राहिलं!

कुडाळकर

हां, खाणं. घरगुती मुक्काम घ्या, हॉटेल नको. आदल्या रात्रीच सांगून ठेवायचं, बारक्यासाठी बिनतिखटाचं. सकाळी घावणे आणि नारळाचा रस, गूळ घातलेला, न खाणारं पोर मी अजून बघितलं नाही. दुपारी मऊ भात किंवा पेज, तुपाबरोबर. मासा द्यायचा तर सुरमईची तुकडी, मधला काटा काढला की काम झालं, हळद-मीठ लावून तळून मागा. बांगडा नको, बारीक काट्यांनी जीव जाईल तुमचा. सोलकढीत मिरची असते, आधी चाखून मग द्या. खाजं घेऊन ठेवा, मालवणी खाजं, गूळ-आल्याचं, परतीच्या गाडीत पोरांच्या तोंडाला कामाला येतं.

दशावतार बघायचा असेल तर तो जत्रांबरोबर सुरू होतो, त्या त्रिपुरी पौर्णिमेच्या पुढे. सुट्टी तोवर संपते तुमची. त्यासाठी परत यावं लागेल, तेव्हा गणपतीपुळेही करा म्हणावं साहेबांना.

ठाणेकर_बाबा

गाडी का ट्रेन ते शेवटी काय ठरलं? ट्रेन असेल तर बुकिंगच्या दिवसाचा अलार्म आजच लावा, नंतर इथे येऊन वेटिंग ८३ कन्फर्म होईल का विचारू नका 😂